भात कमी लागतो

पाचपैकी एक. लाल पेनानं तो आकडा लिहून मी पेपर उलटा ठेवला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजून गेले होते. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, नवरात्र बसलेलं, खाली गल्लीतल्या मंडळाची गाणी नुकतीच बंद झालेली आणि टेबलावर अंतर्गत परीक्षेचे बासष्ट पेपर. शेवटचा प्रश्न मीच काढला होता : ‘सांस्कृतिक विविधता आणि जागतिक परस्परावलंबन यांचा संबंध उदाहरणांसह स्पष्ट करा.’ पाच गुण. एका मुलानं त्याचं उत्तर चार वाक्यांत संपवलं होतं. ‘फौंड्रीतली गाडी भरली नाही की भय्ये गावाला जातात. मग आमच्यात भात कमी लागतो. भात कमी लागला की आई राईचं तेल आणत नाही. मग घरात वास मारत नाही, पण पैसे पण येत नाहीत.’ खाली निम्मं पान कोरं. मी समासात लिहिलं, ‘विषयाला धरून नाही. मुद्दे लिहा.’ आणि पुढचा पेपर ओढला.

पुढच्या पेपरात मुद्दे होते. भारत हा विविधतेनं नटलेला देश आहे इथून सुरुवात, मग जागतिकीकरणाची व्याख्या, पिझ्झा आणि योगदिन, ‘वसुधैव कुटुंबकम्’ दोनदा अधोरेखित, आणि शेवटी ‘अशा प्रकारे विविधतेत एकता दिसून येते’. चार गुण. त्याच्या पुढच्यालाही चार. यंदा अकरा पेपरांत प्राडा आलं होतं, कारण जूनमध्ये या इटालियन कंपनीच्या मिलानमधल्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारख्या चपला दिसल्या आणि कोल्हापुरात गहजब झाला, तो मुलांच्या डोक्यात ताजा होता. ‘आपली चप्पल चोरली’, ‘आपल्या संस्कृतीचा अपमान’. राग खरा होता, मला तो आवडलाही. पण अकरा जणांपैकी एकानंही लिहिलं नाही की ती चप्पल शिवतं कोण, त्या घरांना गावानं पिढ्यान् पिढ्या कुठं बसवलं, कातडं कमावणाऱ्यांच्या हाताचं पाणी कोण पीत नव्हतं. २०१९ मध्ये चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून, हेही कुणी लिहिलं नाही. वर्गात मी ते सांगितलं होतं. ‘आपली’ हा शब्द मात्र प्रत्येक पेपरात होता आणि मी त्या शब्दापाशी एकदाही थांबले नाही. बरोबरची खूण करत गेले.

सकाळी कुकर लावताना तांदळाच्या डब्यातला हात तसाच राहिला. दोन वाट्या घ्यायच्या की दीड? मुलगा पुण्याला नोकरीला गेला त्याला आता वर्ष होईल, तरी रोज हा घोळ होतो. आमच्यातही भात कमी लागतो. कुणीतरी गेल्याशिवाय घरात भात कमी लागत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. आणि तेच वाक्य एका एकोणीस वर्षांच्या पोरानं मला लिहून दिलं तेव्हा मी त्याला मुद्दे मागितले.

तो पेपर मी परत काढला.

चारच वाक्यं, पण एकातून दुसरं निघत होतं. गाडी म्हणजे शिरोलीतल्या फौंड्रीतून, धातू ओतून यंत्रांचे भाग करणाऱ्या कारखान्यातून, बंदराकडं जाणारा कंटेनर. २०२५ च्या ऑगस्टच्या २७ तारखेपासून अमेरिकेनं भारतातून जाणाऱ्या बऱ्याच मालावर ५० टक्के आयात शुल्क लावलं, तेव्हापासून शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या कारखान्यांच्या पट्ट्यात ज्याच्या-त्याच्या तोंडी ऑर्डर, पाळी, कमी केलेले कामगार हेच विषय होते. वाळूचे साचे करणारी, भट्टीवर उभी राहणारी, निघालेलं कास्टिंग घासूनपुसून साफ करणारी पोरं बिहारची, उत्तर प्रदेशची, ओडिशाची. त्यांना दोन वेळचं जेवण घालणारी एक बाई, या मुलाची आई. वॉशिंग्टनमध्ये निघालेला हुकूम आणि शिरोलीतल्या एका पातेल्यातला तांदूळ यांच्यामध्ये जेवढे दुवे होते तेवढे त्यानं एकेका वाक्यात ओवले होते. जागतिक परस्परावलंबन यापेक्षा वेगळं काय असतं? आणि सांस्कृतिक विविधता होती त्या तेलात. राईच्या तेलाचा वास त्याला सहन होत नाही, पण तो वास थांबला की घरात पैसे येत नाहीत, हे त्याला कळलंय. त्यानं ते ‘पण’नं जोडलंय. माझ्या बासष्ट पेपरांत त्या जागी ‘पण’ लिहिणारा तो एकटाच.

आता थोडं आमच्या कामाबद्दल. नवं शैक्षणिक धोरण आल्यापासून प्रत्येक विषयाची निष्पत्ती लिहावी लागते. हा विषय शिकून विद्यार्थ्याला काय येईल, ते मोजून दाखवावं लागतं. माझ्या विषयाची तिसरी निष्पत्ती मीच लिहिली : ‘विद्यार्थी सांस्कृतिक विविधता व जागतिक परस्परावलंबन यांचं आकलन दाखवेल.’ मग कोणत्या प्रश्नातून ते आकलन मोजलं त्याचा तक्ता, किती टक्के मुलांना निम्म्याहून जास्त गुण पडले त्याचा तक्ता, त्यावरून एक, दोन किंवा तीन ही पातळी. माझी पातळी तीन आली होती. सर्वांत वरची. मला त्याचा आनंद झाला होता, हे लपवत नाही. तक्ते वाईट नसतात. ते नव्हते तेव्हा आम्ही कित्येक वर्षं काय शिकवतोय ते कुणी विचारलंही नाही. पण ही तीन कशावर उभी आहे हे त्या सकाळी मला पहिल्यांदा दिसलं. ‘विविधतेत एकता’ हे दोन शब्द किती जणांना पाठ आहेत, तेवढंच मी मोजलं होतं.

दुसरीकडं हे कसं करतात म्हणून शोधायला बसले. अमेरिकेतल्या महाविद्यालयांच्या एका मोठ्या संघटनेनं २००९ मध्ये अशा गोष्टी मोजण्यासाठी रूब्रिक, म्हणजे गुण देण्याच्या पायऱ्यांचे तक्ते, तयार केले, ‘व्हॅल्यू’ नावानं ते जगभर वापरले जातात. आंतरसांस्कृतिक जाणिवेच्या रूब्रिकमध्ये ज्ञानाबरोबर कुतूहल, समानुभूती, मोकळेपणा यांचेही रकाने आहेत आणि प्रत्येकाच्या चार पायऱ्या. मोकळेपणाच्या सर्वांत वरच्या पायरीवर असतो तो, जो परक्या माणसाशी वागताना आपला निवाडा बाजूला ठेवू शकतो. वाचताना बरं वाटलं, निदान हे प्रश्न कुणीतरी विचारले. मग मिल्टन बेनेट या अभ्यासकाची १९८६ मधली मांडणी वाचली आणि खुर्चीत नीट बसले. परक्या संस्कृतीशी जुळवून घेताना माणूस कुठकुठल्या टप्प्यांतून जातो, ते त्यांनी सहा टप्प्यांत सांगितलं आहे. सुरुवातीला वेगळेपण दिसतच नाही, मग दिसतं आणि आपलं तेच खरं वाटतं. तिसरा टप्पा असा की माणूस म्हणतो, वरवरचे फरक सोडा, शेवटी सगळी माणसं सारखीच. हा टप्पा प्रेमळ वाटतो. पण बेनेट त्याला शेवटचा मानत नाहीत, तिसराच मानतात, आणि तोही अजून स्वतःभोवती फिरणाऱ्या टप्प्यांमधला. कारण ‘सगळे सारखे’ म्हणणारा माणूस मनात धरून चाललेला असतो की सगळे माझ्यासारखे.

माझ्या चार-चार गुणांचे पेपर सगळे तिथंच होते, त्या तिसऱ्या टप्प्यावर. आणि आदर्श उत्तर म्हणून मी जे वर्गात लिहून दिलं होतं, तेही.

खरं तर कोल्हापूरच्या माणसाला हे बाहेरून वाचावं लागू नये. शाहू महाराजांनी सगळे सारखेच असं म्हणून विषय संपवला नाही. सारखे नाहीत हे त्यांनी आधी पाहिलं, म्हणून २६ जुलै १९०२ ला मागासलेल्या वर्गांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत ५० टक्के जागा राखून ठेवल्या. मराठा मुलांसाठी, जैनांसाठी, लिंगायतांसाठी, मुसलमानांसाठी, अस्पृश्य मुलांसाठी बोर्डिंगं उभी केली. ज्याला जिथं ताट मिळत नव्हतं तिथं त्याच्यासाठी ताट मांडलं. अजूनही त्यांतल्या काही इमारतींवरून मी रोज जाते. दसरा चौकात महाराजांच्या पुतळ्यासमोर मुलं फोटो काढतात, जयंतीला भाषणं करतात, आणि परीक्षेत लिहितात की महाराजांनी सर्वांना समान मानले. ते वाक्य खोटं नाही. पण त्यात बोर्डिंगच्या स्वयंपाकघराचा वास नाही.

आकलन आणि गुण यांचं नातं मला याआधीही एकदा खटकलं होतं. मी ते विसरायचा प्रयत्न केला होता. जून २०२३ मध्ये मोबाइलच्या स्टेटसवरून हिंदू-मुस्लिम तणाव पेटून शहरात जे झालं, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. दगड, लाठीमार, बंद दुकानं, बंद नेट. नेट सुरू झालं तेव्हा एका विद्यार्थ्याचं स्टेटस माझ्या फोनवर आलं. काय होतं ते मी इथं लिहिणार नाही. त्याच मुलानं मार्चमध्ये कुरुंदवाडच्या मशिदींत बसणाऱ्या गणपतीवर आणि मोहरमच्या पंजांवर दोन पानं लिहिली होती, उदाहरणांसह, सुंदर अक्षरात. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले होते आणि पेपर वर्गात वाचून दाखवला होता. तो खोटं लिहीत नव्हता असं मला आजही वाटतं. तो पंज्यांच्या मिरवणुकीत खरंच लहानपणापासून जात होता. दोन्ही त्याचंच होतं, पेपरही आणि स्टेटसही. त्याच्याशी बोलायला हवं होतं. जूनमध्ये महाविद्यालय नुकतंच उघडत होतं, मी म्हटलं नंतर बोलू, आणि तो तृतीय वर्षाला दुसरीकडं गेला. तेवढं बोलणं राहिलं ते राहिलंच.

म्हणून या वेळी थांबले नाही. फौंड्रीवाल्या मुलाला ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर गाठलं. तो आधी घाबरला, ‘मॅडम, चुकलं का काय माझं?’ मी म्हटलं, नाही, मला तुझ्या उत्तरातलं पुढचं सांग. मग तो बसला आणि पाऊण तास बोलला. आई आधी चपात्या करायची, झुणका, आमटी, आपलं सगळं. पहिल्या महिन्यात निम्म्या पोरांनी डबा सोडला. त्यांना दोन्ही वेळेला भात लागतो आणि बटाट्याच्या भाजीला राईचं तेल लागतं. ओडिशाची पोरं उन्हाळ्यात रात्रीचा भात पाण्यात भिजत घालून सकाळी खातात, सोबत कांदा-मिरची. हे एका पोरानं आईला हातवारे करून दाखवलं, कारण आईला हिंदी येत नाही आणि त्याला मराठी. ‘आता आई त्यास्नी म्हणती, और भात होना क्या? आन् ती पोरं म्हणत्यात, बस झालं मावशी.’ सांगताना तो हसला. मग गप्प झाला आणि म्हणाला, ‘पर मॅडम, खरं सांगू का? आमच्या गल्लीत त्यास्नी खोली द्यायला मला नको वाटतं. थुंकत्यात. रात्री बारा-बाराला मोठ्यानं फोनवर बोलत्यात.’ मी काही बोलले नाही. थोड्या वेळानं तोच म्हणाला, ‘घराकडंच करत्यात म्हणा फोन. दुसऱ्या पाळीवनं आल्यावर मग कवा करणार.’

मी विचारलं, त्यांना भय्ये का म्हणतोस, त्यांना आवडतं का ते?

‘इचारलं न्हाई कधी,’ तो म्हणाला. आणि मग जरा चकित होऊन, ‘ओडिशाच्या पोरांस्नी बी आमी भय्येच म्हणतो की.’

त्या रूब्रिकमध्ये मी या मुलाला कुठं बसवू? परस्परावलंबनाचं ज्ञान : चार. मोकळेपणा : एक. समानुभूती : एक, आणि अर्ध्या मिनिटानं तीन. त्याच्या एका वाक्यात तक्रार आहे आणि लगेच पुढच्या वाक्यात त्या तक्रारीचं उत्तर तोच देतो, कुणी शिकवल्याशिवाय. मला वाटतं आकलन हे असं दिसतं, बोलताबोलता मागं वळून पाहताना. तीन तासांच्या पेपरात त्याला जागा नसते. पण मी निदान त्याला जागा होईल असा प्रश्न विचारू शकत होते.

दिवाळीनंतरच्या सत्रात मी प्रश्न बदलला. ‘तुमच्या घरी परक्या माणसाशी कोण बोलतं? कशाबद्दल, आणि कुठल्या भाषेत? एकच प्रसंग लिहा.’ दोन दिवस मुलं माझ्यामागं लागली, मॅडम, परका म्हणजे कोण? पुस्तकात कुठं आहे? मी म्हटलं तुम्ही ठरवा. आणि मग जे आलं त्यानं माझे दोन रविवार घेतले. गडहिंग्लजकडच्या एका मुलीनं लिहिलं की आजी देवाशी कन्नडमध्ये बोलते आणि नातवंडांशी मराठीत, तेव्हा आमच्या घरात परकं कोण, आम्ही की देव? हुपरीच्या मुलानं लिहिलं की वडील रात्री झोपायच्या आधी फोनवर चांदीचा भाव बघतात, तो परदेशातल्या बाजारात हलला की दुसऱ्या दिवशी जोडव्यांचं काम घ्यायचं की नाही ते ठरतं, ‘त्या बाजारातल्या माणसाला आम्ही पाहिलेलं नाही पण आमच्यात त्याच्यावर रोज चर्चा होते’. इचलकरंजीची मुलगी, घराखाली यंत्रमाग : मागांच्या आवाजात कुणाचीच भाषा ऐकू येत नाही, म्हणून वडील आणि कामगार बोटांनी बोलतात. राधानगरीच्या आतल्या एका वाडीतल्या मुलानं एकच ओळ लिहिली होती, आमच्याकडं परका माणूस म्हणजे वनखात्याचा, आणि त्याच्याशी कुणी बोलत नाही. मी हसले आणि त्याला पूर्ण गुण दिले.

एका पेपरापाशी मात्र अडले. ‘आमच्या घरी परक्या माणसाशी आजोबा बोलतात, नंतर वडील, नंतर भाऊ. मी बोलत नाही. बोलू नये असं कुणी सांगितलेलं नाही, पण कुणी आलं की आई माझ्याकडं बघते आणि मी आत जाते. आतून मला सगळं ऐकू येतं. एकदा गुजरातचे व्यापारी गूळ बघायला आले होते, त्यांच्या बोलण्यातलं भाऊला कळलं नाही ते मला कळलं होतं, कारण मी हिंदी मालिका बघते. पण मी आत होते.’

हा पेपर तपासायचा कसा? मी विविधतेबद्दल विचारलं होतं आणि या मुलीनं मला दार दाखवलं, जे तिच्यासाठी तिथून पुढं उघडत नाही. कोल्हापूरचा गूळ, २०१४ पासून मानांकनाचा, कुठं-कुठं जातो ते मी नकाशावर दाखवते. तो जिथून निघतो त्या घरात एका मुलीला व्यापाऱ्याचं बोलणं कळतं आणि ती स्वयंपाकघरात उभी आहे. मी गुण दिले, पाचपैकी पाच, आणि समासात लिहायला पेन उचललं तर काही सुचेना. ‘छान’ लिहिलं असतं तर मला माझीच लाज वाटली असती. शेवटी लिहिलं, ‘काय कळलं होतं ते मला सांगशील?’ ती आली, चार दिवसांनी, वर्ग सुटल्यावर. व्यापारी एकमेकांत म्हणत होते की माल चांगला आहे पण पाच रुपये कमीच सांग. भाऊनं पाच रुपये कमी घेतले होते. ‘मग नंतर सांगितलंस का घरी?’ ती म्हणाली, ‘नाही मॅडम. मग मी ऐकत होते हे कळलं असतं.’

डिसेंबरात वर्गाला कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या बाजारात नेलं. लग्नसराईचं कापड घ्यायला सगळेच तिथं जाऊन आलेले, त्यामुळं सहल म्हणून कुणाला उत्साह नव्हता. बाजारातल्या गर्दीत उभं राहूनच सांगितलं की १९४३ ते १९४८ या काळात इथं, वळिवड्याच्या माळावर, पोलंडमधून परागंदा झालेली सुमारे पाच हजार माणसं राहत होती, बहुतेक बायका आणि मुलं. सोव्हिएत राजवटीनं त्यांना घरातून उचलून सैबेरियाकडं नेलं, तिथून सुटून इराणमार्गे ती इथवर आली. ती गेल्यावर त्याच छावणीत फाळणीतून उखडलेले सिंधी येऊन राहिले आणि त्यातून हा बाजार झाला. एका मुलानं विचारलं, युद्ध संपल्यावर ते पोलंडला का नाही गेले? काही गेले, म्हटलं, पण बऱ्याच जणांचं गाव आता दुसऱ्या देशात गेलं होतं, ते इंग्लंडला, ऑस्ट्रेलियाला, जिकडं जागा मिळाली तिकडं गेले. फौंड्रीवाला मुलगा शेजारी उभा होता. म्हणाला, ‘त्यास्नी जेवाय कोण घालत हुतं?’ मी वाचलेल्यात छावणीतली शाळा होती, चर्च होतं, सिनेमा होता. वळिवड्याच्या बाजारातनं भाजी कुणी पुरवली, दूध कुणी घातलं, कुठल्या बाईनं त्यांच्या चवीचं काय शिकून घेतलं, ते मला सांगता आलं नाही.

त्याच सुमारास कळलं की त्याचा पहिला पेपर फायलीत गेलाय. विषयाच्या फायलीत नमुना म्हणून तीन उत्तरपत्रिका लावायच्या असतात, एक उत्तम, एक मध्यम, एक कच्ची. सप्टेंबरात मीच काढून दिल्या होत्या. कच्च्या उत्तराचा नमुना म्हणून त्याचं उत्तर, त्यावर माझ्या अक्षरात ‘विषयाला धरून नाही’, स्कॅन होऊन चढलंही होतं. मी गुण बदलून मागितले. आता सगळं लॉक झालंय म्हणाले, आणि नियम म्हणून ते बरोबरच होतं. मी त्या कागदाला एक चिठ्ठी जोडली, तपासणाऱ्याची चूक, उत्तर योग्य आहे, खाली सही आणि तारीख. ती चिठ्ठी कुणी वाचेल की नाही मला माहीत नाही. मुलाला मात्र समोर बसवून सांगितलं की चूक माझी होती. तो ओशाळला. ‘ऱ्हाऊ दे की मॅडम,’ म्हणाला, आणि मग, ‘आई म्हणत हुती, एकदा जेवाय घेऊन ये.’

जानेवारीत गेले. शिरोलीत हायवे सोडून आत, पत्र्याची शेड, पुढं सिमेंटचा कट्टा, त्यावर ओळीनं उपडी घातलेली स्टीलची ताटं. संध्याकाळचे सात वाजत आलेले. आत दोन चुली, हाताच्या घेराची दोन पातेली, आणि राईच्या तेलाचा तो वास, नाकात आधी बोचणारा आणि मग कढईत कांदा पडल्यावर एकदम ओळखीचा होणारा. त्याच्या आईनं मला स्टूल दिलं, हात पदराला पुसले. ‘मी काय शिकलेलो न्हाय बघा बाई. आकडं तेवढं येत्यात.’ आकडे कुठं लिहिता, असं मी विचारलं नव्हतं, पण तिनं चुलीमागच्या भिंतीकडं बोट केलं. सगळी शेड चुन्यानं रंगवलेली, तेवढा एक चौकोन सोडलेला. त्यावर कोळशानं रोजची जेवणारी माणसं, वरून खाली, महिन्याला एक रांग. धुरानं जुन्या रांगा पुसट झालेल्या. ४१, ४३, ४३, ४०. मध्ये एक मोठी जागा नुसती काळी. ‘ते लॉकडाऊन,’ ती म्हणाली, ‘तवा पोरं चालत गेली, काय-काय तर माझ्याकडनं भाकरी बांधून घेऊन गेली.’ मग परत ९, १४, ३०, ३८. गेल्या सप्टेंबरची रांग मी शोधली. ३६वर सुरू झाली होती आणि १९वर संपली होती. नोव्हेंबरात आठ. ‘आठच?’ ‘छटची पूजा असती त्यांची. आन् मतदान बी हुतं तिकडं. मत दिलं न्हाई तर नाव काढत्यात म्हणत हुती, भ्याली हुती पोरं.’ बिहारात ६ आणि ११ नोव्हेंबरला मतदान झालं. ते मी वर्तमानपत्रात वाचलं होतं.

मुलगा तेलाचा डबा घेऊन आला, पाच लिटरचा, नवा. आईनं झाकण काढून वास घेतला आणि मान हलवली. बाहेर दोन-तीन सायकली येऊन टेकल्या, कुणीतरी हातपाय धुवायला नळ सोडला, ‘मावशी’ अशी हाक आली. मी विचारलं, आज किती जण?

‘तेवीस,’ ती म्हणाली. पातेल्यात उलथनं घालून भात वर-खाली केला, वाफ दोघींच्या तोंडावर आली. ‘पर तिसाचा टाकलाय. सोमवारपास्नं गाडी लागल्या म्हणत्यात.’